आहत नाणी, तापमानाचे वक्र आणि एक वर्णपट : दामोदर कोसंबींचे १९४३चे प्रमेय

१९४३ साल. युरोप महायुद्धात होरपळत होता, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’च्या सातव्या खंडात, पृष्ठ ७६ ते ८८ यांवर, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या एका प्राध्यापकाचा निबंध छापून आला. शीर्षक होते ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’. लेखक : दामोदर धर्मानंद कोसंबी.

खानदेशातील इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नाव चांगलेच परिचित आहे. १९५६ चे ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ वाचल्याखेरीज प्राचीन भारताचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. मात्र त्या १३ पानांत कोसंबींनी मांडलेली गोष्ट आज हवामानशास्त्रापासून चेहरे ओळखणाऱ्या यंत्रांपर्यंत सर्वत्र वापरात आहे, आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांत ती दुसऱ्याच दोघांच्या नावाने ओळखली जाते. हा धागा त्या प्रमेयाविषयी आहे. वाटेत थोडे गणित येईल. ते टाळून कोसंबींची ही बाजू समजत नाही, म्हणून टाळलेले नाही.

आधी माणूस. कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली आणि बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक. त्यांनीही काही काळ फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली होती. वडिलांच्या हार्वर्डमधील कामामुळे मुलगा अमेरिकेत गेला, केंब्रिजमधील शाळेत शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतला. तेथे जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारखा गणिती शिकवायला होता आणि शेजारच्या एमआयटीत असलेल्या नॉर्बर्ट वीनर यांच्याशी परिचय झाला होता. वीनर हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येईल.

परतल्यावर आधी बनारस, मग अलिगढ. अलिगढला त्यांना बोलावणारे आंद्रे व्हे हे फ्रेंच गणिती तेव्हा पंचविशीतच होते. त्यांच्या चिथावणीवरून कोसंबींनी १९३१ मध्ये ‘बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया’चे व्यापकीकरण करणारा निबंध लिहिला. त्या वेळी बुर्बाकी नावाचा कोणीही गणिती अस्तित्वात नव्हता! फ्रान्समधल्या प्रसिद्ध बुर्बाकी मंडळाची स्थापना व्हायला अजून काही वर्षे अवकाश होता. ज्या नावाखाली विसाव्या शतकातील गणिताची पुनर्रचना झाली, ते नाव गणिताच्या नियतकालिकात प्रथम छापले गेले ते असे, एका मराठी माणसाच्या थट्टेतून.

१९३३ पासून कोसंबी फर्ग्युसनमध्ये होते. दहा वर्षांनी आला तो प्रस्तुत निबंध.

त्यातला प्रश्न समजण्यासाठी पुण्याहून दोंडाईच्याला येऊ. तापीच्या खोऱ्यात, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे हे गाव. या पट्ट्यात मिरची वाळवण्याच्या पथाऱ्या पडतात आणि मिरचीचा रंग टिकतो की जातो, हे दिवसभराच्या उन्हावर ठरते. समजा, कोणी शंभर दिवस येथील तापमान पहाटेपासून रात्रीपर्यंत सलग नोंदवले. प्रत्येक दिवसाचे काय मिळाले? एक आकडा मिळत नाही. एक वक्र मिळतो. सकाळी चढणारा, दुपारी माथ्यावर जाणारा, संध्याकाळी उतरणारा. असे शंभर वक्र.

संख्याशास्त्राला तोवर आकड्यांची सवय होती. शंभर माणसांची उंची असेल तर सरासरी काढा, विचरण काढा. एका माणसाच्या उंची, वजन, छाती अशा पाच-दहा मापांचाही एकत्र विचार कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये आणि हॅरल्ड होटेलिंग यांनी १९३३ मध्ये केला होता. पण वक्रावर तर अगणित बिंदू असतात. प्रत्येक क्षण हे एक वेगळे माप. मग वक्रांच्या गर्दीचे संख्याशास्त्र कसे मांडायचे? कोसंबींच्या शीर्षकातील ‘फंक्शन स्पेस’चा अर्थ एवढाच : ज्या अवकाशातील प्रत्येक बिंदू म्हणजे एक अख्खा वक्र, तो अवकाश.

शंभर वक्रांची सरासरी काढली की दोंडाईच्याचा एक ‘नेहमीचा दिवस’ मिळतो. तो प्रत्येक वक्रातून वजा केला की उरते विचलन : आजचा दिवस नेहमीपेक्षा कुठे आणि किती निराळा होता. आता विचारायचे, सकाळी नऊचे विचलन आणि दुपारी दोनचे विचलन यांचे नाते काय? सकाळ नेहमीपेक्षा तापलेली असेल तर दुपारही तशीच असते का? अशी प्रत्येक दोन वेळांची जोडी घेऊन तिच्या सहविचरणाचा आकडा लिहून काढला, तर तासागणिक मोजमापासाठी चोवीस बाय चोवीसचा तक्ता होईल. मिनिटागणिक घेतला तर १४४० बाय १४४० चा. क्षणाक्षणाचा घेतला तर तो तक्ता अनंत होतो आणि त्याची जागा दोन वेळांवर अवलंबून असलेले एक फलन घेते.

हा तक्ता एक यंत्र म्हणूनही पाहता येतो. एका बाजूने वक्र आत घाला. तक्त्यातील आकड्यांनी गुणून, बेरीज करून, दुसऱ्या बाजूने नवा वक्र बाहेर येतो. दोन वक्रांची बेरीज आत घातली तर बाहेर येणाऱ्या वक्रांचीही बेरीजच मिळते. दुप्पट घातले तर दुप्पट येते. असल्या यंत्राला गणिती रेषीय ऑपरेटर म्हणतात. बहुतेक वक्र या यंत्रातून पार बदलून बाहेर पडतात. काही मोजके वक्र मात्र असे असतात की त्यांचा आकार तोच राहतो, फक्त उंची एका ठरावीक पटीने कमीजास्त होते. ती पट म्हणजे आयगेन-मूल्य. जर्मन भाषेत ‘आयगेन’ म्हणजे स्वतःचे. यंत्राचे स्वतःचे वक्र, स्वतःचे आकडे.

इथून वर्णपटाकडे जाता येते, पण एक वळण घेऊन. यंत्र उलटे चालवता येईल का, असा प्रश्न गणितात फार जुना आहे. बाहेर आलेला वक्र दिला आहे, आत काय घातले होते ते सांगा. हाच प्रश्न जरा व्यापक करून विचारतात : एखादी संख्या λ घ्या, यंत्रातून ‘λ पट करणे’ ही क्रिया वजा करा आणि उरलेले यंत्र उलटे चालते का पाहा. प्रत्येक उत्तरासाठी नेमका एकच मूळ वक्र सापडला पाहिजे आणि उत्तरात जराशी चूक झाली तर मूळ वक्रातही जराशीच चूक व्हायला हवी. ज्या λ साठी हे सर्व सुरळीत होते, त्यांचा समूह म्हणजे रिझॉल्व्हंट संच. ज्या λ पाशी हे बिघडते, त्यांचा समूह म्हणजे त्या ऑपरेटरचा स्पेक्ट्रम, मराठीत वर्णपट.

चोवीस बाय चोवीसच्या तक्त्यात बिघाडाचे कारण एकच असू शकते : λ हे आयगेन-मूल्य आहे. अनंत मितींत मात्र बिघाडाचे आणखी प्रकार आहेत. एक साधे यंत्र घ्या. दिवसाची सुरुवात ० आणि शेवट १ मानून, ते वक्राच्या प्रत्येक क्षणीच्या उंचीला त्या क्षणाच्या आकड्याने गुणते. आता λ म्हणून १/२ घ्या. उलटा प्रवास करायचा तर (क्षण वजा १/२) ने भागावे लागेल, आणि मध्यान्ही हा भाजक शून्य होतो. तेथे उत्तर हाताबाहेर जाते. म्हणजे १/२ वर्णपटात आहे. पण त्याचा स्वतःचा वक्र? तो मध्यान्हाच्या एका क्षणात संपूर्ण सामावलेला आणि इतरत्र शून्य असावा लागेल. असा वक्र या अवकाशात नाही. जे १/२ चे, तेच ० ते १ मधील प्रत्येक संख्येचे. वर्णपट सलग, आयगेन-मूल्य एकही नाही. पदार्थविज्ञानातील तप्त दिव्याच्या सलग प्रकाशपट्ट्याची आठवण व्हावी असेच हे चित्र आहे.

हे साम्य मात्र बऱ्याच उशिरा उलगडले. स्वीडनच्या इव्हार फ्रेडहोम यांनी १९०० मध्ये एका छोट्या टिपणात आणि १९०३ मध्ये सविस्तर, अशा समाकल समीकरणांचा सिद्धांत मांडला. ती वार्ता गॉटिंगनला पोहोचली आणि डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०४ ते १९१० या काळात सहा निबंध लिहून त्यातून नवे शास्त्रच उभे केले. १९०६ च्या चौथ्या निबंधात सलग वर्णपट आला. ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द त्यांनी घेतला तेव्हा अणूंच्या प्रकाशाशी त्याचा संबंध लागेल याची त्यांना कल्पना नव्हती, हे त्यांनी स्वतःच पुढे कबूल केले. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी हायड्रोजन अणूचे समीकरण आयगेन-मूल्यांचा प्रश्न म्हणून सोडवले. सुट्या रेषा म्हणजे सुटी आयगेन-मूल्ये आणि अणूपासून मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा म्हणजे सलग भाग, हे तेव्हा स्पष्ट झाले. नाव आधी, अर्थ वीस वर्षांनी. इतिहासात उलटा क्रम नेहमी दिसतो, म्हणून ही गोष्ट नोंदवण्याजोगी.

या साऱ्याला आजचे रूप आले ते जॉन फॉन नॉयमन आणि मार्शल स्टोन यांच्या हातून. स्टोन यांचा ग्रंथ १९३२ चा. कोसंबी शिकत होते त्या काळात स्टोन हार्वर्डमध्येच अध्यापक होते. पुढे भारताशी त्यांचे नाते इतके जडले की १९८९ मध्ये त्यांचा मृत्यू मद्रासेत झाला.

आता कोसंबींच्या निबंधाकडे परत. सहविचरणाच्या तक्त्यातून तयार झालेला ऑपरेटर हा सर्वांत सुस्वभावी जातीचा असतो. तो सममित असतो, म्हणून त्याची आयगेन-मूल्ये वास्तव संख्या असतात. विचरण उणे असू शकत नाही, म्हणून एकही मूल्य ऋण नसते. आणि तक्ता सलग, मर्यादित असल्यामुळे ही मूल्ये मोठ्याकडून लहानाकडे एकेक करून उतरत शून्याकडे जातात. वर्णपट म्हणजे शून्याकडे निघालेली सुट्या ठिपक्यांची रांग आणि स्वतः शून्य. बाकीचे सारे संख्याप्रतल रिझॉल्व्हंट संचाच्या मालकीचे.

आजच्या परिभाषेत सांगायचे तर प्रमेय असे : कोणत्याही दिवसाचे विचलन हे या ऑपरेटरच्या स्वतःच्या वक्रांची, काही गुणकांनी गुणून केलेली, बेरीज म्हणून लिहिता येते. हे गुणक दिवसागणिक बदलतात, पण एकमेकांशी सहसंबंध ठेवत नाहीत. आणि प्रत्येक गुणकाचे विचरण बरोबर त्या वक्राच्या आयगेन-मूल्याएवढे असते. साऱ्या आयगेन-मूल्यांची बेरीज म्हणजे दिवसभराचे एकूण विचरण.

म्हणजे चंचलतेचाही वर्णपट असतो. लोलकातून सूर्यप्रकाश जसा रंगांत विभागला जातो, तसा शंभर दिवसांचा बेभरवसा त्याच्या स्वतःच्या आकारांत विभागला जातो. पहिला आकार कदाचित ‘अख्खा दिवसच तापलेला’ असा असेल, दुसरा ‘सकाळ थंड, दुपार कडक’ असा. हे आकार गणिती ठरवत नाही. नोंदींमधूनच ते निघतात. फूरिये यांच्या पद्धतीत साइन आणि कोसाइनचे साचे आधीच ठरलेले असतात. इथे साचा त्या गावाच्या हवेतूनच घडतो, आणि पहिले दोन-चार आकार घेऊन थांबले तरी तेवढ्याच संख्येच्या दुसऱ्या कोणत्याही साच्यांपेक्षा सरासरी चूक कमी राहते.

वर्णपटात शून्य असणे ही नुसती तांत्रिक बाब समजू नये. अशा सममित ऑपरेटरसाठी λ वर्णपटाच्या जितके जवळ, तितका उलटा प्रवास डळमळीत. चूक किती पटीने फुगेल ते नेमके ‘१ भागिले वर्णपटापासूनचे अंतर’ इतके असते. शून्याजवळ ठिपक्यांची गर्दी आहे. म्हणून फार बारीक आकारांपर्यंत मागे जाऊ पाहणारा माणूस अखेर मोजमापातील चुकाच वाढवून पाहत असतो. कुठे थांबावे, हेही वर्णपटच सांगतो.

इतिहासकार कोसंबी आणि गणिती कोसंबी हे दोन वेगळे माणूस मानण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली तरी पटणारी नाही, आणि त्याचा पुरावा त्यांच्या नाण्यांच्या कामात आहे. याच काळात, चाळीसच्या दशकाच्या आरंभी, ते चांदीच्या आहत नाण्यांचा अभ्यास करत होते. ३२ रत्ती या मानाने पाडलेली, चौकोनी-वाटोळी, राजाचे नाव नसलेली ही नाणी. दर्शनी बाजूला ठशांचा गट; मागच्या बाजूला बारीक खुणा, ज्या कोसंबींच्या मते सराफ वेळोवेळी नाणी तपासताना मारत. तक्षशिलेच्या भीर टेकडीवर सापडलेल्या दोन साठ्यांतील नाणी त्यांनी वजन-तराजूच्या हिशेबात घेतली. चलनातील साधी आधुनिक नाणीही हजारोंच्या संख्येने तोलली. हेतू हा की झीज कशी होते ते आधी डोळ्यांसमोर यावे.

निष्कर्ष साधा आणि दूरगामी होता. हातोहात फिरताना प्रत्येक नाणे दररोज किंचित झिजते, पण सगळी सारखी झिजत नाहीत. त्यामुळे काळ जातो तशी सरासरी घटते आणि वजनांमधील विखुरणे वाढत जाते. मागच्या खुणा जितक्या अधिक, तितके वजन कमी. म्हणजे खुणा हे घड्याळ आणि झीज हा काटा. एकाच साठ्यातील कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा, हे मग तराजू सांगू लागतो. त्या गटांची राजांशी त्यांनी लावलेली जुळणी पुढच्या नाणकशास्त्रज्ञांना सर्वस्वी मान्य झाली नाही. पण पोथीतील राजावळीच्या शेजारी तराजू ठेवण्याची पद्धत रुजली.

आता एक जोड. ती समजुतीसाठी केलेली आहे, कोसंबींच्या माथी मारू नये. एकेका नाण्याची झीज काळाबरोबर काढली तर तोही एक वक्रच. रोजची झीज आदल्या दिवसांहून स्वतंत्र मानली, तर दोन वेळांच्या विचलनांत समाईक भाग उरतो तो फक्त अलीकडच्या वेळेपर्यंतचा. सहविचरण त्या दोहोंपैकी लहान काळाच्या प्रमाणात येते. हाच तक्ता ब्राऊनीय गतीचा; तिला १९२३ मध्ये काटेकोर गणिती पाया दिला तो वीनर यांनी. या ऑपरेटरचा वर्णपट कागद-पेन्सिलीने काढता येतो. आयगेन-मूल्यांचे प्रमाण १, १/९, १/२५, १/४९ असे विषम संख्यांच्या वर्गांनी उतरते. ऑयलर यांच्या काळापासून माहीत आहे की ही बेरीज π² भागिले ८ होते. म्हणून एकूण विखुरण्यापैकी सुमारे ८१ टक्के वाटा एकट्या पहिल्या आकाराचा, ९ टक्के दुसऱ्याचा, ३.२ टक्के तिसऱ्याचा. तीन आकडे सांगितले की ९३ टक्के कहाणी सांगून झाली. उरलेले अनंत आकार मिळून ७ टक्क्यांत.

हे सारे १९४३ मध्ये छापले गेले होते, तर नाव का राहिले नाही?

फिनलंडचे कारी कारहुनेन यांचा या विषयावरील निबंध १९४६ चा. त्याच्या जर्मन शीर्षकातच ‘यादृच्छिक प्रक्रियांचा वर्णपट-सिद्धांत’ असे शब्द आहेत. पाठोपाठ १९४७ मध्ये त्यांचे विस्तृत काम आले. पुढे हे गृहस्थ विद्यापीठ सोडून विमा कंपनीचे प्रमुख झाले. दुसरे मिशेल लोएव्ह. जन्म याफाचा आणि सालही कोसंबींचेच, १९०७. इजिप्तमधून पॅरिसला शिकायला आलेल्या या ज्यू गणितीला जर्मन व्याप्त फ्रान्समध्ये द्राँसीच्या छावणीत डांबले होते. तिथून ते वाचले. युद्ध संपल्यावर त्यांची टिपणे प्रसिद्ध झाली आणि १९४८ मध्ये पॉल लेव्ही यांच्या ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टात संपूर्ण सिद्धांत आला. पुढे ते बर्कलीला गेले आणि संभाव्यतेवरचा त्यांचा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला. पाठ्यपुस्तकाबरोबर नाव रूढ झाले : कारहुनेन–लोएव्ह प्रमेय.

येथे कोणी कोणाचे चोरले, असा सूर लावणे अन्यायाचे होईल. पुणे, हेलसिंकी आणि व्याप्त पॅरिस यांच्यामध्ये तेव्हा नियतकालिकांची ये-जाच नव्हती. शिवाय कारहुनेन आणि लोएव्ह यांची मांडणी अधिक व्यापक आणि अधिक काटेकोर आहे. कोसंबींचा निबंध आटोपशीर, घाईत पुढे सरकणारा. पण वक्रांच्या समूहाला त्याच्याच सहविचरणातून आयगेन-वक्रांत उलगडण्याची मूळ कल्पना छापील स्वरूपात त्यांच्या तीन वर्षे आधी पुण्यातून आली होती, ही तारखांनी सिद्ध होणारी गोष्ट आहे. अग्रक्रम देण्यासाठी इतिहासाला एवढे पुरते.

नाव मागे पडण्यात काही वाटा खुद्द कोसंबींचाही होता. ते एका विषयात ठाण मांडून बसले नाहीत. १९४४ मध्ये गुणसूत्रांवरील जनुकांची अंतरे मोजण्याचे सूत्र त्यांनी दिले. ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ या नावाने ते अनुवंशशास्त्रात आजही रोज वापरले जाते. भूमितीत त्यांचे नाव कार्तां आणि चर्न यांच्या जोडीला आहे. याच सुमारास भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती चालू होती. ती १९४८ मध्ये आली. इतक्या वाटा एकाच वेळी तुडवणाऱ्या माणसाने आपल्या एका वाटेवर मैलाचे दगड रोवत बसावे, ही अपेक्षाच चुकीची.

होमी भाभांनी त्यांना टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये बोलावले. कोसंबी पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला जात-येत. १९४८–४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत जाऊन त्यांनी गणनयंत्रांचा अभ्यास केला. त्यामागील निकड सहज कळण्यासारखी आहे : शेकडो वक्रांचा तक्ता मांडून त्याची आयगेन-मूल्ये हाताने काढणे हे एका माणसाच्या आवाक्यातील काम नव्हते. १९४३ चे प्रमेय खऱ्या अर्थाने वापरात येण्यासाठी संगणकाची वाट पाहावी लागणार होती.

मग आले रीमान गृहीतक. १९५९ मध्ये संभाव्यतेच्या मार्गाने ते सोडवल्याचा दावा त्यांनी कृषी-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला. तो टिकला नाही. गणितींच्या वर्तुळात त्यांच्या नावाला लागलेला हा बट्टा आधीच्या चांगल्या कामावरही पसरला. १९६२ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटशी असलेला संबंध संपला. ‘गणितात रमलेला इतिहासकार’ अशी ओळख तेव्हापासून घट्ट झाली. वास्तविक ती ‘इतिहासात शिरलेला गणिती’ अशी हवी होती. त्यांच्या इतिहासलेखनातील आकड्यांचा आग्रह, अपवादापेक्षा समूहाकडे पाहण्याची दृष्टी, राजाच्या नावापेक्षा नाण्याच्या वजनावर ठेवलेला विश्वास, हे सर्व कुठून आले ते मग अधिक स्पष्ट होते.

दरम्यान प्रमेय आपल्या वाटेने चालले होते. १९५६ मध्ये एमआयटीतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी हवेच्या नकाशांसाठी हीच पद्धत वापरली. मोसमी पावसाच्या अभ्यासात तिच्याशिवाय आज पान हलत नाही. १९६७ मध्ये जॉन लमली यांनी ती खळाळत्या प्रवाहांच्या अभ्यासात आणली. पुढे प्रतिमा साठवताना, भूकंपाच्या लहरी वाचताना, चेहरा ओळखताना हाच वर्णपट काढला जाऊ लागला.

बेंगळुरूचे द्रवगतिकीतज्ज्ञ रोद्दम नरसिंह यांनी २०११ मध्ये ‘रेझोनन्स’ मासिकात लेख लिहून कोसंबींच्या अग्रक्रमाकडे पुन्हा लक्ष वेधले. २०१६ मध्ये राम रामस्वामी यांनी संपादित केलेला त्यांच्या गणिती निबंधांचा संग्रह निघाला आणि १९४३ ची ती १३ पाने पुन्हा सहज हाती येऊ लागली. आता काही शोधनिबंधांत प्रमेयाचे नाव तीन जोडशब्दांनी छापले जाते : कोसंबी–कारहुनेन–लोएव्ह.

फेब्रुवारी १९६६ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या अंकात कोसंबींचा ‘सायंटिफिक न्युमिस्मॅटिक्स’ हा लेख आला; झिजणाऱ्या नाण्यांचाच. चार महिन्यांनी, २९ जून रोजी, पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते ५८.